बाहुलीची किंमत आणि मूल्य

मंडळी, कोकेशी म्हणजे जपानची लाकडी बाहुली. ईशान्येकडच्या तोहोकू प्रदेशात, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, लाकडाच्या वाट्या-ताटल्या कातणाऱ्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात ती करायला घेतली. हात नाहीत, पाय नाहीत. नुसतं डोकं आणि धड. शेतकऱ्यांची पोरं तिच्याशी खेळायची.

आता ती ओळखायची कशी? आधी घाट बघा. नारुकोच्या बाहुलीचं डोकं फिरवलं की कुईकुई आवाज येतो. त्सुगारूची बहुधा एकाच लाकडात कातलेली असते. मग उलटी करा, तळाशी कारागिराची सही दिसेल. फार जुन्या बाहुल्यांवर मात्र ती सहसा नसते. अहो, पोरांच्या खेळण्यावर सही कोण करणार? सहीची पद्धत रुळली ती संग्राहक आल्यावर. १९२८ साली अमाए तोमिया यांचं कोकेशीवरचं पुस्तक निघालं, त्याच सुमारास हे खेळणं कपाटात जाऊ लागलं.

बाजारात आज रंग ताजा असेल तर भाव चढतो, उडालेला असेल तर उतरतो. म्हणजे काय, तर जिला कुणा पोरानं कवटाळलंच नाही, ती महाग. किंमत आणि मूल्य या दोन गोष्टी वेगळ्या, असं मी जन्मभर वर्गात सांगत आलो. तेव्हा विकायची असेल तर सही बघा, रंग बघा. पण घरात एकच ठेवायची असेल, तर झिजलेली ठेवा.