फोटो द्या, पण कागद करून द्या

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. भांडीकुंडी वाहून गेली, तसे ट्रंकांमधले फोटोही गेले. भांडी पुन्हा घेता आली. आजोबांचा एकुलता एक फोटो कुठून आणायचा? 'आमचे फोटो आमच्याच घरात सुरक्षित' असं कुणी म्हटलं की मला पानशेत आठवतं.

बरं, संस्थेत दिले म्हणजे सुटलो, असंही नाही. ८ जानेवारी २००३ ला याच पुण्यात फिल्म अर्काइव्हच्या ताब्यातल्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि प्रभातसकट जुन्या कंपन्यांच्या सिनेमांची मूळ रिळं जळाली. पुढच्याच जानेवारीत भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. पूर, आग, जमाव. एकमेव प्रत एकाच जागी असेल तर ती जागा घर आहे की संस्था, याने फारसा फरक पडत नाही. म्हणून आधी स्कॅन, मग बाकीचं.

तरी द्यायला हवंच. राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव फिरले, तेव्हाही लोक का-कू करतच होते. पण ज्यांनी दिलं त्यांच्यामुळे १८९८ ला साधनांचा पहिला खंड निघाला आणि १९१० ला भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. काका केलकरांचा संग्रह सरकारकडे गेला, तरी संग्रहालयावर नाव त्यांच्या राजाचंच राहिलं.

घोळ होतो तो तोंडी व्यवहारात. शाळेची शताब्दी येते, स्मरणिकेसाठी कुणीतरी 'दोन दिवसांत देतो' म्हणून अल्बम नेतो. मग समिती बदलते आणि अल्बम कायमचा जातो. आमच्या तालुक्यात असे किस्से पैशाला पासरी मिळतील. दान, उसने आणि नुसतं स्कॅन करायला देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठली, ते संस्थेच्या लेटरहेडवर लिहून, शिक्का-सही घ्या. सोबत फोटोंची नंबरवार यादी जोडा. उसने असतील तर परतीची तारीख टाका. दान असेल तर संस्था बंद पडल्यास फोटो कुणाकडे जाणार, तेही विचारा. चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही. रागावली तर अल्बम उचला आणि घरी या.

आणखी एक, जे बहुतेकांना ठाऊक नसतं. फोटोची प्रत दिली म्हणजे हक्क दिला असं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखीच द्यावा लागतो. त्यामुळे पुस्तकात, कॅलेंडरवर किंवा जाहिरातीत फोटो वापरायला तुमची हो आहे की नाही, हे त्याच कागदावर येऊ द्या.

आणि देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून कोण, कुठे, कधी ते विचारून घ्या. नावं नसलेला ग्रुप फोटो संग्रहालयालाही फारसा उपयोगी नाही. फोटोच्या पाठीवर लिहायचं ते मऊ पेन्सिलने. बॉलपेन नको, पुढे वळ उमटतो.