यंत्र फिरत राहिलं, पेशंट पडून राहिला

चोपड्याहून डायलिसिससाठी जळगावला जाणारी चार-पाच माणसं तरी माझ्या ओळखीची आहेत. आठवड्यातून दोनदा, कुणी तीनदा. तापी ओलांडायची, चार तास सुया लावून पडायचं, परत यायचं आणि घरी आल्यावर पुन्हा खाटेवर. घोटभर पाणीसुद्धा हातात मिळतं. "आबा, तुम्ही नका उठू, मी आणतो ना." प्रेमच आहे ते. पण किडनीच्या पेशंटनं पडूनच राहायचं हे ठरवलं कुणी?

याचं उत्तर डायलिसिसच्या इतिहासात सापडतं. १९४३ साली, हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना, काम्पेन गावच्या विलेम कोल्फ या डॉक्टरनं पहिलं चालणारं कृत्रिम मूत्रपिंड बनवलं. सॉसेज भरायची सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या ढोलाला गुंडाळायची आणि तो ढोल क्षारांच्या पाण्यात फिरवायचा. सुरुवातीचे जवळजवळ सगळे पेशंट गेले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून शुद्धीवर आली, आणि हे जमतंय हे जगाला कळलं. तिथं मामला मोजक्या दिवसांचा होता. मरणाच्या दारातला माणूस पडून राहणार नाही तर काय करणार?

१९६० साली अमेरिकेत सिएटलला स्क्रिब्नर यांनी पेशंटच्या हातात टेफ्लॉनची नळी कायमची बसवली. त्यांचा पहिला पेशंट क्लाइड शील्ड्स त्यानंतर ११ वर्षं जगला. १९६६ साली फिस्टुला आला, म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडायचं ऑपरेशन. आता गोष्ट दिवसांची राहिली नाही, वर्षांची झाली. खाट मात्र तीच राहिली. त्याला कारणही होतं. रक्त तयार करायचा निरोप देणारं संप्रेरक किडनीच बनवते. ती बंद पडली की रक्त कमी, दोन पायऱ्या चढल्या तरी धाप. त्यावरचं इंजेक्शन १९८९ साली बाजारात आलं. कारण बरंचसं संपलं, सवय उरली.

आपल्याकडे डायलिसिस हा शब्द घराघरांत पोचला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीत चंदीगडला अटकेत असताना त्यांच्या किडन्या गेल्या. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोकमध्ये त्यांचं डायलिसिस सुरू झालं, ते ८ ऑक्टोबर १९७९ ला जाईपर्यंत. वय सत्तरीच्या पुढं, तरी १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी डायलिसिसवर असतानाच प्रचार केला, सभा घेतल्या. यावरून व्यायामाचा पुरावा मी काढत नाही. पण डायलिसिसवाला म्हणजे संपलेला माणूस, हे त्यांच्याकडं बघून कुणी म्हणालं नसतं.

पुरावा हवा तर तो वेगळा आहे. इटलीत २९६ पेशंटांवर झालेला प्रयोग २०१७ मध्ये छापून आला. डायलिसिस नसलेल्या दिवशी घरीच दहा-दहा मिनिटं दोनदा चालायचं, ठरलेल्या तालावर, बस. सहा महिन्यांनी ही माणसं सहा मिनिटांत सरासरी ३२८ ऐवजी ३६७ मीटर चालू लागली. न चालणारे होते तिथंच राहिले. जर्मनीत ९१७ पेशंटांना वर्षभर डायलिसिस चालू असतानाच व्यायाम दिला (२०२३). खुर्चीतून उठ-बस मिनिटाला १६ वरून १९ वर गेली. व्यायाम न करणाऱ्यांची १६ वरून १५ च्या खाली आली. नुसतं बसून राहिलं तर ताकद आहे तिथंही थांबत नाही, ती खाली जाते. सगळेच प्रयोग असे निघाले नाहीत हेही सांगतो. ब्रिटनमध्ये डायलिसिस चालू असताना सायकल मारायला दिली, पण एकूण जगणं सुधारल्याचं दिसलं नाही.

आपल्याकडची लढाई आतापर्यंत मशीनची होती आणि ती खरीच होती. जुलै २०१२ मध्ये जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं धुळे होतं. जळगाव पुढच्या वर्षी आलं. आज ती महात्मा फुले यांच्या नावानं चालते. २०१६ च्या बजेटात केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम आला. नेत्यांच्या बातम्यांत अजून मशीन किती आल्या तेच असतं. पेशंट स्वतःच्या पायानं एसटीत चढतो की उचलून बसवावा लागतो, हे कुणी मोजत नाही. माझं भांडण तेवढ्यासाठी आहे.

बाकी चोपड्यात राहून हे करायचं तर मे महिन्याचा विचार हवाच. डायलिसिसवाल्याला पाणी मोजून प्यायचं असतं. दुपारी चालला तर तहान आवरणार नाही, म्हणून ऊन चढायच्या आत. (केळीच्या गावात राहून केळी बंद, ही शिक्षा आधीच आहे.) छातीत दुखणं, धाप, अंगावर सूज, बीपी घसरलेलं असलं तर त्या दिवशी नाही. फिस्टुलाच्या हातानं जड ओझं उचलू नका. त्या हातानं बॉल दाबायचा व्यायाम कधी आणि किती, ते डॉक्टरच सांगतील. सेंटरवर पाय हलवायचे तर पहिल्या दोन तासांत, कारण शेवटी शेवटी बीपी पडतं. आणि सुरुवात करण्याआधी डॉक्टरला विचाराच. बहुतेक ठिकाणी पेशंट विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही. पुढच्या फेरीला एवढंच विचारा: "साहेब, मी रोज किती चालू?"