मोळीखालची कंबर : दीर्घकालीन वेदनेचा विचार

उसात साखर सर्वांत जास्त असते ती बुडख्यात. म्हणून ऊस जमिनीलगत तोडायचा, आणि त्यासाठी दर खेपेला कमरेतून पुरते वाकायचे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघालेले ‘कोयते’, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, हेच करतात. तोडलेल्या उसाची मोळी ३०-४० किलोंची भरते. ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. आपल्या जिल्ह्यात दीर्घकालीन वेदना समजून घ्यायची तर या कमरेपासून सुरुवात करावी.

तीन महिन्यांहून अधिक टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उलटणारी वेदना ती दीर्घकालीन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात तिची स्वतंत्र नोंद आहे. हे महत्त्वाचे आहे, कारण ताजी वेदना इजेची खबर देते, जुनी वेदना मात्र बऱ्याचदा इजा भरून आल्यावरही मागे राहते. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडले की मज्जारज्जूत जणू एक झडप असते आणि मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश ती कमी-जास्त करते. ठेच लागली की आपण बोट चोळतो, त्याने बरे वाटते, ते यामुळेच. पुढे १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी दाखवले की सततच्या माऱ्याने मज्जारज्जूच अतिसंवेदनशील होतो. मग साधे वाकणेही कळ उठवते. अशा माणसाच्या एक्स-रेमध्ये फारसे काही दिसले नाही, तरी त्याचे दुखणे खोटे ठरत नाही.

निदानाची निम्मी सामग्री रुग्णाच्या बोलीत असते, असे माझे मत आहे. ‘रग लागली’ म्हणजे स्नायू थकले. ‘ठणका लागलाय’ म्हटले की सूज शोधावी. ‘चमक निघून पार पोटरीत उतरते’, ‘आग होते’, ‘मुंग्या येतात’ ही दबलेल्या किंवा दुखावलेल्या नसेची भाषा. ‘सगळं अंगच मोडून येतं, झोपून उठलं तरी तसंच’ असे कोणी म्हणाले तर चेतासंस्थेच्या वाढलेल्या संवेदनशीलतेचा विचार व्हावा. प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. पायातली ताकद जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. ताप आणि घटते वजन सोबत असेल तर मणक्याचा क्षय तपासून घ्यावा.

प्रत्यक्षात सगळ्यांना एकच उपाय मिळतो : कमरेत इंजेक्शन आणि गोळ्यांची पुडी. त्याने दोन दिवस कोयता चालतो. पण फडात शौचालय नाही म्हणून बायका पाणी कमी पितात, आणि पाणी कमी पडलेल्या शरीरात वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. स्टेरॉइड वारंवार घेतले तर हाडे ठिसूळ होतात.

याहून गंभीर प्रकार शेजारच्या बीडमध्ये समोर आला. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक होती. अंगावरून जाणे, ओटीपोटातले दुखणे, कर्करोगाची घातलेली भीती, बुडणारी मजुरी. दुखणारा अवयव काढला की दुखणे संपते, हा समज मात्र त्यात ठळक दिसतो. गर्भाशयासोबत बीजांडकोशही गेले तर हाडे अकाली विरळ होतात, आणि कंबर पुन्हा धरते.

मग करायचे काय? ‘आराम करा’ हा सल्ला मजुराला परवडत नाही, आणि साध्या जुन्या कंबरदुखीत अंथरुणाला खिळणे शास्त्रालाही मान्य नाही. दुखणे शून्यावर आणण्यापेक्षा काम आणि झोप परत मिळवणे, हे ध्येय ठेवावे. हालचाल मोजून करावी : कळ चढण्याआधी थांबायचे, थोडे चालायचे, मग पुन्हा कामाला लागायचे. शेक घ्यावा. मोळी लहान बांधावी. पट्टा पडल्यावर नुसते पडून न राहता रोज चालावे, पाठ-पोटाचे व्यायाम हळूहळू वाढवावेत. यात पाठीशी कोणी ओळखीचे हवे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले आणि पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. दारावर येऊन विचारपूस करणारे असे माणूस जुन्या दुखण्यात फार उपयोगी पडते.

पण फडात थांबायचे कसे? मजुरी टनावर मिळते. ट्रक रात्री कधीही येतो, तेव्हा उठून भरावा लागतो, आणि अपुऱ्या झोपेने वेदना सहन करण्याची ताकद घटते. एक दिवस पडून राहिले तर अनेक टोळ्यांत मुकादम खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लावतो आणि ती रक्कम उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, हिशेबात चढते. ज्या व्यवस्थेत थांबण्यालाच दंड आहे, तिथे मोजून काम करण्याचा सल्ला कागदावरच राहणार.

म्हणून कारखान्यांच्या संचालकांना आणि मुकादमांना माझे सांगणे आहे : येत्या हंगामाच्या करारात आजारपणाचा खाडा रद्द करा, रात्रीच्या भरणीला वेळेची मर्यादा घाला आणि फडावर पाण्याची, शौचालयाची सोय करा.