लघवीची साक्ष, रक्ताची साक्ष

गेल्या वेळी प्रमाणांविषयी बोलता बोलता वेळ संपली, आणि एका बाईंनी जाता जाता विचारलं, "सर, हे धूर आणि अग्नी आमच्या कोणत्या कामाचे?" आज त्याचं उत्तर आम्ही मधुमेहाच्या इतिहासातून देणार आहोत.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९६०च्या आसपास, घरात रोज सकाळी एक विधी चाले. वडील परीक्षानळीत पाच मिली बेनेडिक्टचं निळं द्रावण घेत, लघवीचे आठ थेंब टाकत आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळत. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी अशी पुढची उतरंड. त्या रंगावरून आई ताटातला भात ठरवायची. वडिलांचा रंग बहुतेक दिवशी निळाच असे. तरीही पायाची जखम भरली नाही आणि शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, पथ्य मोडलं असणार. हा आरोप वडिलांनी मुकाट्याने घेतला. आम्हाला तो अन्याय होता हे कळायला पुढं बरीच वर्षं लागली.

न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. लघवीतली साखर हा तसाच धूर. पण हा धूर कधी निघतो? रक्तातली साखर दर डेसिलीटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, तरच मूत्रपिंड ती बाहेर सोडतं. शिवाय ती लघवी काही तासांपूर्वीची. म्हणजे निळा रंग दिसला तर साखर १७० असेल, ४०ही असेल. धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं अनुमान आपले नैयायिकसुद्धा मान्य करत नाहीत.

आता आहाराकडं वळू. कमी पिठूळ खाणं ही नवी टूम नव्हे. १७९७ मध्ये जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी शल्यवैद्यानं कॅप्टन मेरेडिथ नावाच्या रुग्णाची हकीकत छापली. त्याला जवळजवळ मांस आणि चरबीवर ठेवलं होतं, तेही खवट झालेलं. पण साखर उतरली. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, पाव मिळेनासा झाला, तेव्हा बूशार्दा या वैद्याच्या लक्षात आलं की उपासमारीत काही मधुमेह्यांच्या लघवीतून साखर नाहीशी होते. रुग्णानं आपली लघवी रोज स्वतः तपासावी, असा त्याचा आग्रह. हा माणूस आम्हाला फार आवडतो.

१९२२ मध्ये इन्सुलिन आलं. मरणारी मुलं जगली; त्यापुढं दुसरं काही बोलू नये. पण मग पथ्याचा धाकही हळूहळू सैलावला.

खरी गोष्ट पुढंच आहे. न्यूयॉर्कचे रिचर्ड बर्नस्टाइन. १९४६ मध्ये, बाराव्या वर्षी मधुमेह झाला. पेशानं अभियंता. तिशीतच मूत्रपिंडातून प्रथिनं जाऊ लागली होती. १९६९ मध्ये त्यांनी एका व्यावसायिक मासिकात एका यंत्राची जाहिरात पाहिली. रात्री प्रयोगशाळा बंद असताना बेशुद्ध आलेला माणूस दारू प्यायलेला की मधुमेही, हे इस्पितळाला कळावं म्हणून ते केलेलं. पट्टीवर रक्ताचा थेंब, मिनिटभर थांबायचं, पाण्यानं धुवायचं, मग यंत्र परावर्तित प्रकाशावरून रंग मोजणार. वजन तीन पौंड, किंमत ६५० डॉलर. आणि रुग्णाला विक्री नाही! पत्नी मानसोपचारतज्ज्ञ होत्या, त्यांच्या नावावर यंत्र मागवलं.

ज्याच्या रक्ताविषयीचं ज्ञान, त्यालाच ते विकत मिळू नये. ज्ञानमीमांसा शिकवताना असलं उदाहरण आम्हाला कधी सुचलं नसतं.

दिवसाला पाच वेळा मोजल्यावर दिसलं की साखर एकाच दिवसात ४०च्या खाली आणि ४००च्या वर झोके घेते आहे. अभियंत्याच्या बुद्धीनं त्यांनी विचार केला: पिठूळ पदार्थ भरपूर खाल्ले तर अंदाजातली चूक मोठी, इन्सुलिनही मोठं आणि त्याचीही चूक मोठी. दोन्ही लहान करा, म्हणजे चूक लहान. दिवसाला सुमारे ३० ग्रॅम कर्बोदकं, थोडं इन्सुलिन. साखर स्थिरावली, पुढं लघवीतली प्रथिनंही थांबली. लेख लिहिला, तर वैद्यकीय नियतकालिकांनी परत पाठवला. अभियंत्याचा शब्द प्रमाण कसा मानायचा? म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी ते वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि डॉक्टर झाले.

१९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १४४१ रुग्णांच्या मोठ्या चाचणीनं दाखवलं की साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंड, नसा वाचतात. मात्र त्या चाचणीत कमी कर्बोदकांचा आहार तपासला नव्हता, आणि काटेकोर गटात साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. बर्नस्टाइनांच्या पद्धतीनं खाणाऱ्या ३१६ जणांची पाहणी २०१८ मध्ये आली. सरासरी एचबीएवनसी ५.६७ टक्के, म्हणजे जवळजवळ निरोगी माणसासारखं. पण ते आपणहून पुढं आलेले लोक. जे जमेना म्हणून सोडून गेले, ते अशा पाहणीत कसे सापडणार? बर्नस्टाइन स्वतः नव्वद वर्षं जगले, एवढं खरं.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, मग भाकरी बंद करायची का?)

आम्ही बंद नाही केली. आम्हालाही हा आजार आहे, गोळ्या चालू आहेत. दोन भाकऱ्यांनंतर दोन तासांनी आमचा आकडा २१० आला, अर्धी भाकरी आणि जास्त पालेभाजी, अंडं घेतल्यावर १५०च्या आत. तुमचा वेगळा येईल. तुमच्या बोटाला विचारा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र ताट बदलण्याआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यावा. भाकरी कमी आणि डोस तोच राहिला, तर साखर झपकन उतरते, आणि तेव्हा पुढचा आकडा बघायची शुद्ध राहत नाही.