रुमालाखालचा भाव आणि पडद्यावरचा लिलाव

#थ्रेड 🧵

भूम तालुक्यातील ईटच्या शिवारातले सोयाबीन शेतकऱ्याच्या हातून सुटले, की पुढचा व्यवहार व्यापाऱ्याव्यापाऱ्यांत होतो: आडत्या, खरेदीदार, तेलगिरणी. हा व्यवहार संगणकावर आणण्याचा देशव्यापी प्रयत्न २०१६ मध्ये सुरू झाला. तो का अडखळला, याचे उत्तर मात्र एकोणिसाव्या शतकातील बाजारात सापडते.

त्या काळी अनेक बाजारांत भाव रुमालाखाली ठरे. आडत्या आणि खरेदीदार कापडाआड एकमेकांची बोटे दाबत. शेजारी उभ्या शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव सौदा झाल्यावर कळे. त्यात तोलाई, हमाली, धर्मादाय अशा कपाती निराळ्याच.

या अंधारावर पहिला प्रकाश वऱ्हाडात पडला. १८८६ मध्ये कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्यबाजाराचा कायदा आला. योगायोग असा, की त्याच १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. अडीच फुटी रुळांवरची ही चिमुकली गाडी बार्शीला कुर्डुवाडीमार्गे मुंबईच्या लोहमार्गाशी जोडत होती. १९११ मध्ये ती लातूरला पोहोचली. माल दूर जाऊ लागला. खरेदीदार मात्र अजूनही ढिगाऱ्यापाशीच उभा राहून माल घेत असे.

१९२८ च्या शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने १९३० मध्ये कृषी बाजार कायदा केला. तत्कालीन उस्मानाबाद जिल्हा याच संस्थानात होता. पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा बाजार समिती कायदा आला. या साऱ्यांचा रोख विक्रेत्याच्या संरक्षणावर होता: उघड लिलाव, खरे माप, ठरलेली कपात. तो योग्यच होता. आणि व्यापाऱ्यांनी, कुरकुरत का होईना, तो पचवला; कारण त्यांची स्वतःची एक गरज अबाधित राहिली होती. ढीग डोळ्यांसमोर होता. मूठभर दाणे उचलावेत, दाताखाली फोडावेत, मग बोली लावावी.

१४ एप्रिल २०१६ रोजी ‘ई-नाम’ हा राष्ट्रीय कृषी बाजार ८ राज्यांतील २१ बाजारांत सुरू झाला. पडद्याने सर्वप्रथम हा ढीगच दृष्टीआड केला.

दूरच्या गिरणीमालकाचा प्रश्न साधा होता: पोत्यात नेमके काय आहे? ओलावा किती, काडीकचरा किती, डागी दाणे किती? त्याचे विश्वासार्ह उत्तर द्यायचे, तर प्रत्येक बाजारात जलद तपासणी हवी. ती जिथे दुबळी, तिथे परगावची बोलीही दुबळी. खरेदीदाराची दुसरी गरज उधारीची. आडत्या शेतकऱ्याला उचल देई आणि खरेदीदाराला काही दिवसांची सवलत. गावोगावच्या व्यापाराचे वंगण हेच. आडत्याला निव्वळ दलाल म्हणून हिणवणारे त्याचे हे सावकारी अंग बहुधा विसरतात. ऑनलाइन भरण्यात ही सवलत कुठे बसवायची, याचे उत्तर सहजी मिळेना.

परिणामी अनेक बाजारांत लिलाव पूर्वीसारखाच तोंडी होई आणि आकडे मागाहून संगणकात भरले जात. परराज्यांशी होणारा व्यवहार एकूण उलाढालीत नगण्यच राहिला.

एप्रिल २०२०, टाळेबंदीचा काळ. ‘ई-नाम’वर गोदाम पावतीच्या आधारे विक्रीची सोय झाली. नोंदणीकृत गोदामात माल ठेवायचा, वजन व प्रत तपासून घ्यायची, पावतीवर सौदा करायचा. खरेदीदाराच्या जुन्या प्रश्नाला प्रथमच थेट भिडणारी ही रचना होती.

तो प्रश्न किती चिवट आहे, हे २०२४ च्या हंगामात पुन्हा दिसले. सरकारी हमीभाव खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा होती. नोव्हेंबरमध्ये केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे तीन टक्के म्हणजे परत न्यावे लागणारे पोते. गिरणीवाल्याच्या दृष्टीने तेलाच्या भावाने घेतलेले पाणी.