अद्भुतकथेतील जादू आणि ख्रिस्ती विचार : एका मतभेदाचा इतिहास

प्रस्तावना

दि. ३० डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, अलामोगोर्डो या गावी, एका चर्चच्या आवारात हॅरी पॉटर मालिकेतील पुस्तकांची होळी करण्यात आली. होळीचे आवाहन करणाऱ्या धर्मोपदेशकांनी ती पुस्तके वाचलेली नव्हती, हे त्यांनी स्वतःच मान्य केले होते. या घटनेचा दाखला पुढे वारंवार दिला गेला आणि त्यातून श्रद्धा एका बाजूस व कल्पनाशक्ती दुसऱ्या बाजूस, अशी सोयीची मांडणी रूढ झाली. इतिहासाचा आधार या मांडणीला मिळत नाही. इंग्रजीतील आधुनिक अद्भुतकथेचा पाया घालणाऱ्यांत श्रद्धावान ख्रिस्ती लेखकांचा वाटा फार मोठा आहे, आणि त्या कथेला सर्वांत तीव्र विरोध झाला तोही त्याच धर्मपरंपरेतून. हा मतभेद धर्माच्या आतला आहे. कथेतील जादू आणि धर्मग्रंथाने निषिद्ध ठरविलेले चेटूक या एकच गोष्टी आहेत काय, या प्रश्नावर तो उभा आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

शब्द आणि निषेध

मराठीत 'जादू' हा एकच शब्द रंगमंचावरील हातचलाखीला, मांत्रिकाच्या करणीला आणि राजपुत्राचा दगड करणाऱ्या कथेतील शक्तीला, अशा तिन्ही ठिकाणी चालतो. मराठी बायबलमध्ये 'निर्गम' या पुस्तकात जिला जिवंत ठेवू नये असे सांगितले आहे ती 'चेटकीण', आणि आजीच्या गोष्टीत मुलांना पळवून नेणारीही 'चेटकीण'च. इंग्रजी वाचकाची अडचण याहून निराळी नाही. शब्द एक असला की वस्तूही एकच असल्याचा भास होतो, आणि या वादातील पुष्कळसा गोंधळ त्या भासातून निर्माण झाला आहे.

बायबलमधील निषेध स्पष्ट आहे. 'अनुवाद' या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात शकुन पाहणारे, मंत्र घालणारे व मृतांना विचारणारे यांची यादी देऊन त्यांना वर्ज्य ठरविले आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात इफिस येथे लोकांनी जादूचे ग्रंथ सर्वांसमक्ष जाळले असे सांगितले असून त्या ग्रंथांची किंमत ५० हजार रौप्य नाणी भरली, अशी नोंद आहे. पुस्तके जाळण्याचे समर्थन करणाऱ्यांना हा उतारा हाताशी असतो. परंतु तो नीट वाचला असता दोन गोष्टी लक्षात येतात. इफिसकरांनी जाळले ते त्यांचे स्वतःचे ग्रंथ होते. आणि ते मंत्रतंत्राच्या प्रत्यक्ष वापराचे ग्रंथ होते, कथा नव्हत्या.

भ्रम की सत्य?

मध्ययुगाच्या पूर्वार्धात चर्चची भूमिका पुढील काळाच्या तुलनेत अनपेक्षितपणे विवेकी होती. प्र्यूमचा रेजिनो याने इ. स. ९०६च्या सुमारास नोंदविलेल्या 'कॅनन एपिस्कोपी' या धर्मनियमानुसार, आपण रात्री डायना देवतेबरोबर प्राण्यांवर स्वार होऊन फिरतो असे मानणाऱ्या स्त्रिया सैतानाने दाखविलेल्या भ्रमाला बळी पडलेल्या असतात. असे उड्डाण खरोखर घडते असे मानणे हाच श्रद्धेपासून ढळण्याचा प्रकार होय. बाराव्या शतकात ग्रेशियनने आपल्या धर्मनियमसंग्रहात हाच नियम समाविष्ट केला.

पंधराव्या शतकात वारे फिरले. १४८४ मध्ये पोप आठवे इनोसंट यांचे आज्ञापत्र निघाले, त्यानंतर लवकरच 'मॅलियस मॅलेफिकारुम' हा चेटकिणींच्या शोधाचा ग्रंथ छापला गेला, आणि चेटूक खरे आहे असे न मानणाराच संशयास्पद ठरू लागला. पुढील तीन शतकांत युरोपात ४० ते ५० हजार लोकांना या आरोपाखाली मृत्युदंड झाला, असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. अमेरिकेतील सेलम येथे १६९२ मध्ये १९ जणांना फाशी देण्यात आली. हा इतिहास विसरून अद्भुतकथेवरील आक्षेपांचा विचार करता येणार नाही. कारण आक्षेपकांनी घेतलेली भूमिका प्राचीन परंपरेची म्हणून मांडली जात असली तरी ती दहाव्या शतकापेक्षा पंधराव्या शतकाला अधिक जवळची आहे.

श्रद्धावंतांची अद्भुतकथा

जॉर्ज मॅक्डोनाल्ड हे काही काळ धर्मोपदेशक होते; त्यांची 'फँटास्टीस' ही कादंबरी १८५८ची. जी. के. चेस्टर्टन यांनी १९०८ मधील 'ऑर्थोडॉक्सी' या ग्रंथात परीकथांच्या नीतीवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले. मात्र या विषयाची तात्त्विक बैठक सिद्ध केली ती कॅथलिक असलेल्या जे. आर. आर. टॉल्किन यांनी. १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी दोन संकल्पना वेगळ्या केल्या. जिला ते जादू म्हणतात तिचा हेतू वस्तूंवर व इतरांच्या इच्छेवर सत्ता गाजविणे हा असतो. कथेतील मोहिनीचा हेतू श्रोता व निर्माता दोघांनाही प्रवेश करता येईल असे दुसरे जग उभारणे हा असतो. निर्मात्याच्या प्रतिमेत घडलेला मनुष्य स्वतःही निर्मिती करतो, आणि म्हणून अशी कथा रचणे हे धर्मविरोधी तर नव्हेच, उलट मनुष्यस्वभावाला साजेसे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) मधील अंगठी सत्तेच्या लोभाचे रूप आहे. ती वापरण्यात नव्हे, नष्ट करण्यात विजय आहे.

सी. एस. लुईस यांची भूमिका अधिक गुंतागुंतीची, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक उद्बोधक आहे. सैतानाचे अस्तित्व ते मानत. १९४२ मधील 'स्क्रूटेप लेटर्स'च्या प्रस्तावनेत त्यांनी सैतानांविषयी दोन चुका सांगितल्या : त्यांना मुळीच न मानणे, आणि त्यांच्यात वाजवीपेक्षा अधिक रस घेणे. असा लेखक १९५० ते १९५६ या काळात नार्नियाच्या सात कथा लिहितो आणि पहिल्याच कथेच्या शीर्षकात चेटकिणीला स्थान देतो. म्हणजे चेटूक खरे मानणाऱ्यालाही कथेतील जादू भयावह वाटलीच पाहिजे, असे नाही. 'द ॲबॉलिशन ऑफ मॅन' (१९४३) मध्ये तर त्यांनी जादू व उपयोजित विज्ञान यांना जुळी भावंडे म्हटले. सृष्टीला मानवी इच्छेपुढे वाकविणे ही दोघांची समान प्रेरणा. ॲलन जेकब्स या ख्रिस्ती समीक्षकाने जानेवारी २००० मध्ये हाच धागा पकडून हॅरी पॉटरमधील जादूकडे एक प्रकारचे तंत्रज्ञान म्हणून पाहिले.

लेखक ख्रिस्ती असला म्हणजे आक्षेप टळतोच असे नाही. एपिस्कोपल पंथाच्या मॅडलिन लेंगल यांची 'अ रिंकल इन टाइम' (१९६२) ही बालकादंबरी स्फटिकगोलात पाहणाऱ्या पात्रामुळे आणि येशूचे नाव कलावंत व तत्त्वज्ञांच्या ओळीत घेतल्यामुळे अमेरिकेतील शाळांत वारंवार वादग्रस्त ठरली.

हॅरी पॉटर आणि शाळेचे ग्रंथालय

जे. के. रोलिंग यांची मालिका १९९७ ते २००७ या काळात प्रसिद्ध झाली. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या नोंदींनुसार २००० ते २००९ या दशकात सर्वाधिक आक्षेप याच मालिकेवर घेतले गेले. तथापि ख्रिस्ती मत एकमुखी नव्हते. इव्हँजेलिकल नेते चक कोल्सन यांनी १९९९ मध्येच या कथांतील जादू यांत्रिक स्वरूपाची असून तीत परलोकातील शक्तींशी संपर्क नाही, असे सांगितले. 'ख्रिश्चॅनिटी टुडे' या नियतकालिकाने जानेवारी २००० मध्ये पुस्तकांच्या बाजूने संपादकीय लिहिले. विरोधकांचा अधिक विचारी युक्तिवाद असा की, टॉल्किनचा गँडाल्फ हा मनुष्य नाही. रोलिंगची मुले मात्र वाचकासारखीच माणसे असून शाळेत जादूचे शिक्षण घेतात. हा भेद खरा आहे. पण शाळा, गणवेश, परीक्षा आणि वसतिगृह हा जुन्या इंग्रजी शालेय कादंबरीचा साचा आहे, हे हा युक्तिवाद लक्षात घेत नाही.

वादाची झळ कोणाला बसली हे आर्कान्सा राज्यातील सीडरव्हिलच्या खटल्यातून दिसते. तेथील ग्रंथालय समितीने १५ विरुद्ध ० मतांनी पुस्तके खुली ठेवण्याचा निर्णय दिला असता शाळा मंडळाने २००२ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी तो फिरविला आणि पालकांच्या सहीची अट घातली. एका विद्यार्थिनीच्या पालकांनी दाद मागितली. वादी विद्यार्थिनीच्या पालकांची तिला ही पुस्तके वाचण्यास संमती होतीच. तरीही सहीची अट आणि त्यामुळे 'वाईट' पुस्तक वाचणारी म्हणून तिच्यावर बसणारा शिक्का हा हक्कावरील भारच आहे, असे मानून संघीय न्यायालयाने २००३ मध्ये अट रद्द केली.

कॅथलिक चर्चमध्येही एकवाक्यता नव्हती. कार्डिनल रॅट्झिंगर यांनी मार्च २००३ मध्ये गॅब्रिएल कूबी या जर्मन लेखिकेला लिहिलेल्या खाजगी पत्रात या पुस्तकांतील सूक्ष्म मोहाविषयी चिंता व्यक्त केली. ते पोप झाल्यावर २००५ मध्ये या पत्राला प्रसिद्धी मिळाली आणि ते चर्चचा निर्णय असल्यासारखे उद्धृत होऊ लागले. प्रत्यक्षात ते एका लेखिकेच्या पुस्तकाची पोच देणारे पत्र होते. २००९ मध्ये व्हॅटिकनच्याच 'लॉसर्व्हातोरे रोमानो' या वृत्तपत्राने मालिकेतील सहाव्या चित्रपटाची प्रशंसा केली. दरम्यान मालिकेच्या अखेरच्या भागात रोलिंग यांनी दोन थडग्यांवर नव्या करारातील वचने कोरलेली दाखविली होती.

वाद मात्र शमला नाही. मार्च २०१९ मध्ये पोलंडमधील ग्दान्स्क येथे काही कॅथलिक धर्मगुरूंनी इतर वस्तूंबरोबर हॅरी पॉटरचे पुस्तकही जाळले. टीका झाल्यावर क्षमायाचनाही करण्यात आली. त्याच वर्षी अमेरिकेतील नॅशव्हिल येथील एका कॅथलिक शाळेच्या ग्रंथालयातून ही मालिका काढून टाकण्यात आली. त्या वेळी पालकांना कळविलेले कारण असे होते की, पुस्तकांतील मंत्र हे खरे मंत्र आहेत आणि ते वाचल्याने दुष्टात्मे जागृत होण्याचा धोका आहे. 'कॅनन एपिस्कोपी'च्या कर्त्याला अशा समजुतीबद्दल संबंधित पालकांपेक्षा धर्मगुरूंचीच अधिक काळजी वाटली असती.