एडनचे खुले बंदर आणि भीमा-घोडेचा मुलूख

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके. पाऊस तोकडा, जमीन मध्यम, बाजरी-ज्वारीचा मुलूख. समुद्राशी या भागाचा संबंध काय, असे कोणी विचारले तर आपण हसू. पण एकोणिसाव्या शतकात या दोन तालुक्यांचा कारभार आणि अरबस्तानच्या दक्षिण टोकावरील एडन बंदराचा कारभार एकाच ठिकाणाहून, म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरच्या कचेरीतून चालत होता. एडन हे मुंबई इलाख्याचाच भाग होते. जकात माफ करून बंदर खुले ठेवण्याचा जो प्रयोग पुढे जगभर गाजला, त्याचा एक जुना नमुना आपल्याच इलाख्यात घडला, ही गोष्ट आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत फारशी येत नाही.

एडन इंग्रजांच्या हाती कसे आले, ती हकिगत आपल्या वाचकांना विशेष वाटावी अशी आहे. १८३७ साली 'दर्या दौलत' नावाचे हिंदुस्थानी जहाज एडनजवळ फुटले. त्यावर हजला निघालेले यात्रेकरू होते. जहाजावर निशाण इंग्रजांचे होते. माल लुटला गेला, यात्रेकरूंचे हाल झाले. मुंबई सरकारला कोळशाच्या आगबोटींसाठी वाटेत एक ठाणे हवेच होते. लुटीची भरपाई मागण्याच्या निमित्ताने इंडियन नेव्हीचा कप्तान हेन्स याला पाठवण्यात आले. लाहेजच्या सुलतानाशी बोलणी झाली, ती फिसकटली, आणि १९ जानेवारी १८३९ रोजी तोफांच्या बळावर बंदर घेतले गेले. यात्रेकरूंचा कळवळा किती आणि कोळशाची गरज किती, हे वाचकांनीच ठरवावे.

त्या वेळचे एडन म्हणजे पडकी घरे, कोरड्या टाक्या आणि दीड हजाराच्या आत वस्ती. व्यापार होता तो तांबड्या समुद्रातल्या मोखा बंदरात. येमेनची कॉफी तिथूनच जगभर जायची, म्हणून तर कॉफीच्या एका जातीला आजही मोखा म्हणतात. हेन्सने पहिल्यापासून एकच ध्यास घेतला होता, की मोख्याचा व्यापार एडनला ओढायचा. व्यापारी येऊ लागले होते, पण मालावर जकात होती तोवर त्यांना मोखा सोडण्याचे सबळ कारण नव्हते. १८५० मध्ये कायदा होऊन एडन खुले बंदर जाहीर झाले.

खुले बंदर म्हणजे नेमके काय, हे थोडे थांबून पाहिले पाहिजे. एरवी बंदरात माल उतरला की तो देशात आला असे धरून सरकार जकात घेते. तोच माल पुन्हा दुसऱ्या देशाला पाठवायचा असेल तर भरलेली जकात परत मिळवण्यासाठी खेटे घालावे लागतात आणि व्यापाऱ्याचे भांडवल अडकून पडते. खुल्या बंदरात माल उतरतो, वखारीत राहतो, निवडला जातो, दुसऱ्या गोणीत भरला जातो, विकला जातो आणि पुढच्या जहाजाने निघून जातो. सरकार मध्ये हात घालत नाही. फायदा बड्या कंपनीपेक्षा छोट्या गलबतवाल्याला अधिक. सोमाली किनाऱ्यावरून कातडी, डिंक आणि मेंढ्या घेऊन येणारा नाखवा एडनला माल टाकून त्याच फेरीत मुंबईचे कापड नि तांदूळ घेऊन परतू शकत होता. येमेनची कॉफी उंटांवरून यायची, एडनच्या वखारीत साफ होऊन निवडली जायची आणि बोटीवर चढायची. काही वर्षांतच मोखा उजाड होत गेले. १८५० च्या दशकाच्या मध्यास एडनची वस्ती वीस हजारांच्या आसपास पोहोचली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि युरोपकडे जाणाऱ्या आगबोटी कोळशासाठी एडनला थांबू लागल्या. मुंबईचे पारशी, बोहरी, मेमन आणि बनिया व्यापारी तिथे पेढ्या घालून बसले. या वाटेवरच्या बोटींवर आमच्या कोकणातील मुसलमान खलाशीही होते.

हेन्सचे नशीब मात्र वेगळे. बंदराचे हिशेब त्याने नीट ठेवले नव्हते. १८५४ मध्ये तिजोरीत मोठी तूट निघाली. मुंबईच्या न्यायालयात ज्युरीने त्याला अपहाराच्या आरोपातून सोडले, तरी सरकारी कर्ज न फेडल्यामुळे तो मुंबईच्या तुरुंगात सुमारे सहा वर्षे राहिला. १८६० मध्ये सुटला आणि थोड्याच दिवसांत मुंबई बंदरातच वारला. ज्याने बंदर वसवले त्यालाच त्याच्या हिशेबाने बुडवले.

पण बंदराचा मोठा हिशेब वेगळाच आहे. बंदराने जकात सोडली, पण खर्च सुटला नव्हता. पलटण, तटबंदी, दीपगृह, पाणी, तुरुंग आणि अधिकाऱ्यांचे पगार, हे सारे कोणाला तरी द्यायचे होते. तो भार प्रामुख्याने हिंदुस्थानच्या महसुलावर पडला. त्या महसुलाचा सर्वांत मोठा वाटा जमिनीचा सारा होता. म्हणजे एडनचा व्यापारी जी जकात देत नव्हता, तिची उणीव भरून काढणाऱ्यांत भीमथडीचा बाजरी पिकवणारा कुणबीही होता. आजचा दौंड तालुका त्या काळी भीमथडीत मोडत असे.

या कुणब्याचे त्या वर्षांत काय चालले होते? १८५८ च्या अखेरीस पुण्याहून दौंडमार्गे दिक्सळपर्यंत आगगाडी सुरू झाली. १८६३ मध्ये बोरघाटाची चढण पुरी होऊन मुंबई बंदर या मुलखाला थेट जोडले गेले. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१ ते १८६५) कापसाचे भाव आकाशाला भिडले. कापूस इथे खानदेशासारखा पिकत नव्हता. पण रेल्वेच्या कामावरची मजुरी, धान्याचे चढे भाव आणि मुंबईत खेळणारा पैसा यांमुळे सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागला. यादवी संपली, भाव कोसळले, आणि १८६७ पासून इंदापूर, भीमथडी भागात साऱ्याचे दर वाढवले गेले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पाठोपाठ भीमथडी, इंदापूर आणि शिरूर तालुक्यांतल्या गावांतून कर्जरोखे जाळले गेले. बहुतेक ठिकाणी लोकांना हवे होते ते कागद. माणसांच्या जिवावर ते क्वचितच उठले.

त्यानंतर दुष्काळ आला. तो पाहून लष्करी हिशेब खात्यातला एक कारकून, वासुदेव बळवंत फडके, नोकरी सोडून रामोशी सोबत्यांसह बंडाला उभा राहिला. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्याने पहिला दरोडा घातला तो शिरूर तालुक्यातील धामारी गावावर. त्याच वर्षी तो पकडला गेला, आणि जन्मठेपेसाठी सरकारने त्याला धाडले ते एडनला. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या तुरुंगात त्याचा अंत झाला. कापड, कॉफी नि कातडी ज्या बंदरात बिनविचारपूस येत-जात होती, तिथून या माणसाला मात्र बाहेर पडता आले नाही. धामारीच्या लोकांना एडन हे नाव कदाचित त्याच्यामुळेच प्रथम कळले असेल.

१९३२ मध्ये एडनचा कारभार मुंबईकडून दिल्लीकडे गेला आणि १९३७ मध्ये ते हिंदुस्थानपासून तोडून ब्रिटिश वसाहत झाले. १९६७ मध्ये सुएझ बंद पडला, त्याच वर्षी इंग्रजही निघून गेले, आणि बंदर ओस पडले. नुसत्या जकातमाफीने बंदर चालत नाही, वाट चालू असावी लागते.

स्वतंत्र भारताने हीच कल्पना कुंपण घालून उचलली. १९६५ मध्ये कांडला, १९७३ मध्ये मुंबईत अंधेरीचे सीप्झ. मग २००५ चा विशेष आर्थिक क्षेत्राचा, म्हणजे सेझचा, कायदा आला आणि जकातीच्या दृष्टीने परका समजला जाणारा प्रदेश समुद्र सोडून घाटमाथ्यावरही काढता येऊ लागला. रांजणगाव आणि कुरकुंभ इथे औद्योगिक वसाहती उभ्या होत्याच. तिथला निर्यातीचा माल कंटेनरमधून न्हावा-शेवाला जातो. खेड तालुक्यातील सेझसाठी मात्र कनेरसर, निमगाव, दावडी यांच्याबरोबर शिरूर तालुक्यातील केंदूरचीही जमीन गेली. १८५० मध्ये बंदर खुले करताना सरकारने सारा गोळा केला होता, जमीन मागितली नव्हती. इथे जमीनच हवी होती. त्या बदल्यात भरपाई आणि संपादित जमिनीच्या १५ टक्के विकसित जमीन परत, असे ठरले. हा परतावा कुठे, कोणत्या रूपात आणि कधी, यावरून पुढे कित्येक वर्षे मोर्चे निघाले, निवेदने गेली. केंदूरहून धामारी जवळच आहे.